कुत्र्याची घरबसल्या शिकवणी

सुशिक्षित कुटुंबांतून मुलांच्या शिक्षणाची जितकी चिकित्सा होते तितकी दुसऱ्या कोणत्याहि गोष्टीची क्वचितच होत असेल. शाळा कोणती, माध्यम कोणतें, गणिताला शिकवणी लावावी कीं काकांनींच घरीं शिकवावें, या प्रश्नांचा काथ्याकूट रात्रीं जेवणें झाल्यावर तास तास चालतो. त्याच दिवाणखान्यांत चार पायांचा एक विद्यार्थी त्या वेळीं पाय पसरून झोपलेला असतो. त्याच्या शिक्षणाचा विचार मात्र तो कोणाच्या तरी पोटरीला दांत लावीपर्यंत कोणाच्याहि मनांत येत नाहीं.

पूर्वी असा विचार करण्याची फारशी गरजहि नव्हती. कुत्रा वाड्याच्या चौकांत किंवा अंगणांत असे. उष्ट्याखरकट्यावर त्याचा योगक्षेम चाले. अनोळखी मनुष्य आला कीं भुंकणें आणि ओळखीचा आला कीं शेपूट हलविणें एवढाच त्याचा धंदा, व तो त्यास कोणी शिकवावा लागत नसे. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा, दत्तात्रेयांच्या पायांशीं असलेले चार कुत्रे, नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्या मागें धांवले तो कुत्रा, असा आपल्या परंपरेंत त्याचा मान आहे. पण त्याची जागा बहुधा उंबऱ्याबाहेरची. चाणक्यनीतींत कुत्र्यापासून घेण्याजोगे सहा गुण सांगितले आहेत. थोडक्यांत संतुष्ट राहणें आणि गाढ झोपेंतूनहि चटकन जागें होणें हे त्यांपैकीं दोन. हे अंगणांतल्या कुत्र्याचे गुण झाले. चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत लिफ्टच्या घंटेला, शेजारच्या दाराला, पार्सल आणणाऱ्या पोऱ्याला व कुकरच्या प्रत्येक शिट्टीला चटकन जागा होणारा कुत्रा गुणी म्हणून कोणी वाखाणीत नाहीं. खालच्या मजल्यावरचे लोक सोसायटीकडे तक्रार करतात.

अशा घरांसाठीं शिकवणीचा एक नवा प्रकार आतां बराच रूढ झाला आहे, व त्याचीच माहिती आम्हीं आज वाचकांपुढें ठेवीत आहों. यांत शिक्षक घरीं येत नाहीं. तो मोबाईलच्या अथवा संगणकाच्या पडद्यावर येतो. एक शिक्षक, एक घर, एक कुत्रा, आणि ठरलेली वेळ, बहुधा पाऊण ते एक तास. २५ मार्च २०२० पासून आपल्या देशांत टाळेबंदी सुरू झाली, इतर देशांतहि त्याच सुमारास दारें बंद झालीं, आणि कुत्र्यांच्या शिक्षकांस दुसरा मार्गच उरला नाहीं. पुढें टाळेबंदी उठली, पण ही रीत उठली नाहीं. याचें कारण केवळ सोय, म्हणजे शिक्षकाचा जाण्यायेण्याचा वेळ व खर्च वांचतो हें, एवढेंच असतें तर त्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचें कारण नव्हतें.

येथें पहिला आक्षेप असा येतो कीं, कुत्रा पडद्याकडे पाहून शिकणार तो काय? आक्षेप अगदीं रास्त आहे. तो कांहींहि शिकत नाहीं. कुत्र्याचें जग वासाचें. पडद्यावरच्या मनुष्यास वास नाहीं, म्हणून त्याच्या लेखीं तो मनुष्यच नव्हे. एकदोनदां मान वाकडी करून तो आवाजाचा शोध घेतो आणि मग खुशाल चटईवर जाऊन पडतो. शिक्षकास त्याचा पट्टा धरतां येत नाहीं, त्याच्या पुढ्यांत घासहि ठेवतां येत नाहीं. तेव्हां ज्यांना खरोखर शिकवितां येईल त्यांच्याकडे त्याला वळावें लागतें, आणि तीं म्हणजे घरचीं माणसें. या शिकवणीचें सारें मर्म यांत आहे. कुत्र्याला महिनाभर दुसरीकडे शिकावयास धाडण्याची जी पद्धत आहे तींत तो शिक्षकाचें सर्व ऐकूं लागतो व घरीं परत आल्यावर कोणाचेंच ऐकत नाहीं, असा अनुभव पुष्कळांस येतो. त्यांत कुत्र्याचा दोष नाहीं. तो शिकला होता तो शिक्षकाच्या संगतींत राहावयास. घरीं त्याच्याशीं कसें वागावें हें घरच्यांपैकीं कोणीच शिकलें नव्हतें.

पडद्यावरून मालकांस शिकविण्याची कल्पना तशी नवी नाहीं. १९८० सालीं इंग्लंडांत बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर बार्बरा वुडहाऊस नांवाच्या सत्तरीच्या घरांतल्या बाईंनीं अशी पाठमाला चालविली, व कुत्र्याला फिरावयास नेतांना त्या 'वॉकीज्' म्हणून जो शब्द उच्चारीत तो घरोघर प्रसिद्ध झाला. गळ्यांतली साखळी हिसकावण्याची त्यांची रीत आजच्या पुष्कळ जाणत्या शिक्षकांस पसंत नाहीं, तो भाग वेगळा. पण ती शिकवणी एकतर्फी होती. बाई लाखों घरांत दिसत, बाईंना मात्र एकहि घर दिसत नसे. आतांच्या पडद्यांतून शिक्षकाला घर दिसतें, आणि कित्येकदां रोग घरांतच दिसतो. दिवसभर भुंकणाऱ्या कुत्र्याचा सोफा जिन्यासमोरच्या खिडकीला लागून आहे हें मैदानावर कळावें कसें? शिवाय भित्र्या कुत्र्याच्या बाबतींत शिक्षक घरीं न येणें हाच मोठा लाभ. अनोळखी मनुष्य दारांत उभा राहिला कीं असा कुत्रा पलंगाखालीं तरी शिरतो किंवा अंगावर तरी जातो, व त्या तासाभरांत शिक्षकाला दिसतो तो परक्या मनुष्याला भ्यालेला कुत्रा. घरच्यांची तक्रार असते ती दुसरीच कांहीं.

दुसरी गोष्ट वेळेची. कुत्रा बसला त्याच क्षणीं घास मिळाला तर तो बसण्याबद्दल मिळाला हें त्याच्या ध्यानांत येतें. तीनचार सेकंद उशीर झाला तर तोंवर तो उठून उभा राहिलेला असतो, व बक्षीस मिळतें तें उठण्याबद्दल. इंटरनेटवरून येणारा शिक्षकाचा 'आतां द्या' हा शब्द थोडा तरी मागाहूनच पोंचतो, कधीं कधीं चित्रच गोठतें. ही या पद्धतीची उणीव खरी. पण तिच्यामुळेंच शिक्षकाला मालकाच्या हातांऐवजीं मालकाचे डोळे तयार करावे लागतात. कुत्र्याचे कान कधीं मागें गेले, अंग कधीं ताठ झालें, नजर कधीं वळली, हें ज्याचें त्याला दिसूं लागलें म्हणजे शिक्षकाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाहीं.

हा क्षण पकडण्याची युक्ति प्रयोगशाळेंतून आलेली आहे. अमेरिकेंत एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं पेटींत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, ज्या हालचालीचा शेवट सुखांत होतो ती हालचाल प्राणी पुन्हां अधिक लवकर करतो. बी. एफ. स्किनर यांनीं हा विचार पुष्कळ पुढें नेला. त्यांचे विद्यार्थी केलर व मेरियन ब्रेलंड या दांपत्यानें १९४० नंतर प्रयोगशाळा सोडून कुत्रीं, कोंबड्या, डुकरें यांस शिकविण्याचा व्यवसायच काढला. आणि १९५१ सालीं खुद्द स्किनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत सामान्य वाचकांसाठीं लेख लिहून मुलांच्या टिकटिक वाजणाऱ्या खेळण्याचा उपयोग कसा करावा हें समजावून सांगितलें. योग्य कृति घडली कीं टिक्, आणि टिक् झालें कीं घास. आज त्याच खेळण्याचा भाऊबंद 'क्लिकर' या नांवानें मिळतो. आपल्याकडे तो नसला तरी अडत नाहीं. जिभेनें केलेला 'टक्' असा आवाज पुरतो. 'शाब्बास' हा शब्द मात्र या कामीं वापरूं नये. तो लांब पडतो, आणि ज्या घरांत मुलें आहेत तेथें तो दिवसांतून कितीदां तरी भलत्यालाच उद्देशून उच्चारला जातो.

आतां आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतों. पुण्याचें घर, आजोबा, आजी, दोघे भाऊ, दोघी जावा, थोरल्याची अकरा वर्षांची मुलगी व धाकट्याचा दोन वर्षांचा मुलगा, अशीं आठ माणसें. मुलीनें एका पावसाळ्यांत जिन्याखालीं सांपडलेलें रस्त्यावरचें पिलूं वर आणलें. त्याचा मोत्या झाला. दोन वर्षें सर्व सुरळीत होतें. मग घरांतलें बाळ चालूं लागलें, आणि एके दिवशीं मोत्या जेवत असतां तें त्याच्या थाळीकडे गेलें तेव्हां मोत्या गुरगुरला. चार दिवसांनीं पुन्हां गुरगुरला, आणि या वेळीं दांत दिसले. आजोबांनीं काठी उगारली. त्या दिवसापासून तो आजोबांच्या काठीच्या आवाजालाहि गुरगुरूं लागला.

बाळाच्या आईनें सांगितलें कीं, दिवाळीपर्यंत कुत्र्याची व्यवस्था दुसरीकडे करावी, नाहीं तर मी बाळाला घेऊन माहेरीं जातें. तिचें चुकलें असें कोण म्हणेल? लहान मुलांस होणारे कित्येक चावे हे ओळखीच्या, किंबहुना घरच्याच कुत्र्याकडून झालेले असतात. मुलीनें जेवण टाकलें. तिचेंहि चुकलें नाहीं. दोन वर्षें घरांत वाढलेला कुत्रा पुन्हां रस्त्यावर सोडला तर त्याचे काय हाल होतात हें तिला ठाऊक होतें. थोरल्या भावानें एका शिक्षिकेची पडद्यावरची शिकवणी ठरविली ती अशा स्थितींत.

शिक्षिकेनें पहिली गोष्ट केली ती ही कीं, शिकवणीच सुरू केली नाहीं. आधीं पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या, असें तिनें सांगितलें. मोत्याचा एक कान आंतून चांगलाच सुजलेला निघाला. ज्याचा कान ठणकतो आहे त्याच्या डोक्याशीं लहान मूल येऊं लागलें कीं तो काय म्हणणार? एकाएकीं चिडखोर झालेल्या कुत्र्याच्या अंगीं कोठें दुखणें तर नाहीं ना, हें पाहिल्यावांचून जो शिक्षक पाठ सुरू करतो त्याच्यापासून चार हात दूर राहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. औषधानें कान बरा झाला. पण संवय बरी झाली नव्हती, म्हणून शिकवणी लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे तिनें एक वही घालावयास सांगितली. आठवडाभर घरांतल्या प्रत्येकानें मोत्याशीं बोलतांना वापरलेले शब्द तींत लिहावयाचे. ती वही आम्हीं पाहिली आहे, व तिच्याइतकें मौजेचें वाचन आम्हांस अलीकडे घडलें नाहीं. मोत्यानें खालीं बसावें यासाठीं आजोबा 'बस खालीं' म्हणत, मुलगी 'सिट' म्हणे, थोरले बंधु 'सिट डाऊन', एक जाऊबाई 'गप पड', आणि आजी 'बैस रे बाबा'. त्यांतून 'बस' हा शब्द म्हणजे मराठी घरांतलें एक अजब प्रकरण. भाजी वाढतांना बस, भांडण आवरतांना बस, शाळेची बस, आणि तिकडे टी.व्ही.चा आवाज वाढला कीं आतां बस झालें! दिवसभर कानांवर पडणाऱ्या इतक्या 'बस'पैकीं आपल्यासाठीं कोणती, हें बिचाऱ्या मुक्या प्राण्यानें ओळखावें कसें? शिक्षिकेनें आजींचा शब्द निवडला. 'बैस' हा शब्द त्या घरांत दुसरें कोणी वापरीत नव्हतें, म्हणून तोच सर्वांनीं वापरावयाचा ठरला. आजींना याचा झालेला आनंद त्यांनीं लपविला नाहीं. 'ये' या शब्दाबद्दलहि असाच निर्बंध झाला. ये म्हणून बोलवावें आणि आल्यावर कान उपटावा, किंवा आंघोळीला न्यावें, हें बंद. 'ये' म्हटल्यावर जो आला त्याचें सदा चांगलेंच व्हावयास पाहिजे.

एकत्र कुटुंबांत या शिकवणीची कसोटी येथें लागते. दोघांच्या बिऱ्हाडांत शिस्त ठरविणें सोपें. आठ माणसांत ती ठरविणें म्हणजे एक लहानसें राज्य चालविणें. पंगतींतून हळूच एक तुकडा खालीं टाकणारा मनुष्य प्रत्येक घरांत असतोच, आणि बहुतेक तो घरांतला सर्वांत वडील मनुष्य असतो. त्याला बोलणार कोण? सुनेनें बोलावें तर तें शोभत नाहीं, मुलानें बोलावें तर कलह होतो. पडद्यावरची परकी, मृदुभाषी शिक्षिका तें बोलूं शकते. आम्हांस वाटतें, या पद्धतीचा हा एक लाभ शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलेला नसावा.

आजोबा चाळीस वर्षें गणित शिकविलेले. दुसऱ्या पाठाच्या वेळीं ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगतां तें ठीक आहे. पण जो गुरगुरतो त्याला तेथल्या तेथें शिक्षा नको? तो डोक्यावर बसेल."

शिक्षिका त्यांच्या नातीच्या वयाहून फार मोठी नव्हती. ती म्हणाली, "आजोबा, गुरगुरतो म्हणजे तो बोलतो आहे. मला भीति वाटते, जरा लांब राहा, इतकेंच तो सांगतो. बोलल्याबद्दल आपण त्याला मारलेंत तर तो बोलणें सोडील. भीति जाणार नाहीं. मग एखाद्या दिवशीं न बोलतांच चावेल."

आजोबा कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरें, मग मीं करावयाचें काय?"

तिनें सांगितलें तें असें. मोत्या जेवत असतां आजोबांनीं नेहमींप्रमाणें काठी टेकीत यावें, पण ज्या अंतरावर त्याचें अंग ताठ होत नाहीं तेथेंच थांबावें, त्याच्या थाळीच्या दिशेनें पनीराचा एक तुकडा टाकावा व लगेच परत फिरावें. थाळी उचलावयाची नाहीं, हात पुढें करावयाचा नाहीं, बोलावयाचें नाहीं. काठीचा आवाज म्हणजे आपलें अन्न जाणार, ही समजूत घालवून काठीचा आवाज म्हणजे पनीर येणार, ही समजूत रुजवावयाची. पहिल्या दिवशीं तें अंतर नऊ पावलें भरलें. आजोबांनीं आलेखाची वही काढली व रोजचें अंतर टिपूं लागले. नवाचीं आठ झालीं, आठाचीं सात. सहाला गाडें पांच दिवस अडलें, एकदां घाईनें चारावर गेले तों मोत्यानें खाणें थांबवून डोळा वर केला, म्हणून पुन्हां सातावर आले. घरांतल्या सर्व विद्यार्थ्यांत आजोबाच सरस निघाले, असें त्यांची नात सांगते. दर आठवड्याला त्यांच्या सरावाचें चित्रण शिक्षिकेकडे जाई, व तें पाहून ती पुढचा पाठ ठरवी.

बाळाविषयीं मात्र तिनें असा कोणताच सराव करूं दिला नाहीं. दोन वर्षांच्या मुलावर असला प्रयोग करावयाचा नसतो. मोत्याची थाळी गॅलरींत, दार बंद करून; दिवाणखान्यांत मधें लांकडी फाटक; आणि मोठें माणूस जवळ नसतां बाळ व कुत्रा क्षणभरहि एकत्र नाहींत. याला शिकवणी म्हणत नाहींत, बंदोबस्त म्हणतात. पण बंदोबस्तावांचून शिकवणी फुकट. आज मोत्याचें अंतर आजोबांपुरतें दोन पावलांवर आलें आहे. तो अजून बंद दाराआडच जेवतो व बाळ शाळेंत जाऊं लागेपर्यंत तसाच जेवणार आहे. बाळाच्या आईनें आपला शब्द मागें घेतलेला नाहीं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तो विषय मात्र पुन्हां निघाला नाहीं.

आजोबांच्या मनांतली 'तो डोक्यावर बसेल' ही समजूत पुष्कळांची आहे, म्हणून तिचा उगम सांगणें अवश्य वाटतें. रुडॉल्फ शेंकेल यांनीं बाझलच्या प्राणिसंग्रहालयांतील कोंडलेल्या लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं तें प्रसिद्ध केलें. ठिकठिकाणचे लांडगे एका आवारांत कोंडल्यावर ते अधिकारासाठीं भांडणारच. त्यावरून लांडग्यांत एक हुकूमशहा असतो, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून मालकानें घरांत हुकूमशहा व्हावें, असा सिद्धांत पसरला. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथानें त्याला आणखी बळ दिलें. पुढें त्याच मेक यांनीं उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे कित्येक उन्हाळे पाहिले आणि १९९९ सालीं लिहिलें कीं, लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं लहानमोठीं मुलें, एवढेंच असतें. म्हणजे ज्याला एवढे दिवस जुलमी दरबार समजत होते तें शेवटीं एक कुटुंबच निघालें! धाकट्यांनीं थोरल्यांचें ऐकावें हें तेथेंहि आहे. पण त्यासाठीं रोज उठून कोणी कोणाला जमिनीवर लोळवीत नाहीं. शिक्षेच्या परिणामांविषयीं म्हणाल, तर २०२० सालीं पोर्तुगालमधील ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या वर्गांत हिसके व दरडावणी चाले तेथल्या कुत्र्यांत तणावाचीं चिन्हें अधिक दिसलीं, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेंतील तणावाचें द्रव्यहि अधिक वाढलेलें आढळलें.

या पद्धतीच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. ज्या कुत्र्यानें खोल चावा घेतला आहे त्याचें काम केवळ पडद्यावरून होत नाहीं. तेथें पशुवैद्य व प्रत्यक्ष येऊन पाहणारा अनुभवी मनुष्य पाहिजे. पट्टा ओढणाऱ्या दांडग्या कुत्र्याला रस्त्यावर कसें सांभाळावें हें कित्येकांस हातानें दाखवावें लागतें. आणि चावा घरच्या, लस टोंचलेल्या कुत्र्याचा असला तरी जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी. 'आपलाच तर आहे' म्हणून हळद भरून स्वस्थ बसूं नये.

शिक्षक निवडतांना विशेष जपावें. या धंद्याला आपल्या देशांत डॉक्टरी किंवा वकिलीसारखी सक्तीची सनद नाहीं; ज्याला वाटेल त्यानें पाटी लावावी. तेव्हां शुल्क ठरविण्यापूर्वी त्याला सरळ विचारावें: कुत्र्याचें बरोबर आलें तर तुम्ही काय करतां, आणि चुकलें तर काय करतां? दुसऱ्या प्रश्नाला जो आडवळणानें उत्तर देतो, किंवा विजेचा धक्का देणाऱ्या पट्ट्याचें नांव काढतो, त्याला नमस्कार करावा. आठवड्यांत हमखास गुण येईल म्हणणाऱ्यालाहि तोच नमस्कार. पाठाच्या वेळीं मोबाईल स्टुलावर, कुत्र्याचें सर्व शरीर दिसेल इतका खालीं ठेवावा. शिक्षकाचा आवाज एकानेंच कानांत घालून ऐकावा, म्हणजे कुत्र्याचें लक्ष उडत नाहीं. व घरांतली जितकीं मोठीं माणसें कुत्र्याला घास घालतात तितकीं सर्व निदान पहिल्या पाठाला हजर असावीं. मधल्या दिवसांत सराव लांबवूं नये. तीन वेळां तीनतीन मिनिटें हा सराव एकदम अर्ध्या तासाच्या सरावापेक्षां फार बरा.

बक्षिसाच्या घासाविषयीं शाकाहारी घरांतून नेहमीं विचारणा होते. बिनमिठाचें पनीर, उकडलेलें गाजर वा रताळें, भाकरीचा कोरडा तुकडा, सर्व हरभऱ्याएवढे बारीक करून, यांवर उत्तम काम चालतें; तेवढें रोजच्या जेवणांतून कमी करावें म्हणजे झालें. पण कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षें, मनुका व बेदाणे हीं कुत्र्याला विषासमान आहेत. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा प्रेमानें कुत्र्यापुढें ठेवण्याची चाल आहे. त्यांत बेदाणे असतात हें वाचकभगिनींनीं कृपा करून ध्यानांत ठेवावें. कांहीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें थोड्याशा बेदाण्यांनींहि बिघडलेलीं आहेत.

एक काम मात्र आधींपासून हातीं घ्यावें लागतें, तें दिवाळीच्या फटाक्यांचें. नरकचतुर्दशीच्या पहांटे शिक्षकास बोलावून उपयोग नाहीं. श्रावणांतच आरंभ करावा. फटाक्यांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण मोबाईलवर अगदीं मंद, शेजारच्या खोलींतून आल्यासारखें लावावें आणि तेवढ्या वेळांत कुत्र्याला त्याचे आवडते घास द्यावे. आवाज बंद कीं घास बंद. दोनचार दिवसांनीं आवाज किंचित् वाढवावा. ज्या कुत्र्याला मुळांतच फार भय आहे त्याच्यासाठीं पशुवैद्य औषध देतात, तेंहि महिनाभर आधीं विचारून ठेवावें. सणाच्या रात्रीं आंतली खोली, ओढलेले पडदे, चालू पंखा व घरचें एक माणूस जवळ, एवढी तयारी असावी. आणि सरावांत कोणत्याहि दिवशीं कुत्र्यानें तोंडचा घास सोडला कीं आवाज वाढविण्याचें थांबवून तो पुन्हां आदल्या आठवड्याइतका खालीं आणावा.